कॅलसमध्ये एन्झाइम्स वाढली, फिनॉल्स घटली: चूक नेमकी कुठे?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला नीट समजलाय की नाही ते तुम्हालाही कळेल. तुम्ही गोव्यात एम.एस्सी.चा प्रकल्प करताय. फोंड्याकडच्या एका कुळागरातून (माडा-पोफळींच्या बागेतून), ओहोळाच्या काठची नीरब्राह्मी आणलीत. पानांच्या तुकड्यांपासून एमएस या पोषक माध्यमावर २,४-डी हे हार्मोनसारखं रसायन घालून कॅलस, म्हणजे पान-खोड असा आकार न घेतलेल्या पेशींचा गोळा, केला. मग कुळागरातलं ताजं पान आणि कॅलस शेजारी-शेजारी तपासलं. एसओडी (सुपरऑक्साइड डिस्म्युटेज) आणि पेरॉक्सिडेज ही एन्झाइम्स कॅलसमध्ये पानाच्या दुपटीहून जास्त आली. एकूण फिनॉल्स आणि डीपीपीएच या रंगीत रसायनावर मोजलेली अँटिऑक्सिडंट क्षमता मात्र निम्म्याहून खाली. मार्गदर्शकांचं म्हणणं असं, की दोन्हीकडे अँटिऑक्सिडंटच मोजताय, तर एक वर आणि दुसरं खाली जाईल कसं? काहीतरी चुकलंय. त्यातच तिसऱ्या सबकल्चरपासून (ताज्या माध्यमावर हलवण्यापासून) कॅलस तपकिरी पडतोय, आणि प्रबंध द्यायला दोन महिने उरलेत.

माझं मत सांगते. तुमचे दोन्ही आकडे खरे असू शकतात, आणि कॅलसचा तपकिरी रंगही बहुधा त्याच गोष्टीचा भाग आहे. पण ते किती खरे आहेत हे चार बाबींवर ठरेल आणि त्या तुम्ही लिहिलेल्या नाहीत: कॅलस सबकल्चरनंतर कितव्या दिवशी काढला, उजेडात होता की अंधारात, आकडे ताज्या वजनावर आहेत की सुक्या वजनावर की प्रथिनावर, आणि एन्झाइमचा अर्क काढताना बफरमध्ये काय काय होतं. म्हणून खाली जिथे 'असेल तर' म्हणते, तिथे तुमची नोंदवही उघडून बघा.

मुळात घोळ 'अँटिऑक्सिडंट' या एका शब्दाचा आहे. आपण तो दोन अगदी वेगळ्या गोष्टींसाठी वापरतो. फिनॉल्स, फ्लॅव्होनॉइड्स, अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल ही छोटी संयुगं. ती काढ्यात उतरतात, सुकवली तरी बरीचशी टिकतात, आणि डीपीपीएचचा जांभळा रंग उतरवतात. एसओडी, कॅटॅलेज, पेरॉक्सिडेज ही प्रथिनं. पेशीत श्वसन आणि प्रकाशसंश्लेषण चालू असताना जे सुपरऑक्साइड (ऑक्सिजनचं घातक रूप) तयार होतं, त्याचं एसओडी हायड्रोजन पेरॉक्साइड करते आणि पुढे कॅटॅलेज, अ‍ॅस्कॉर्बेट पेरॉक्सिडेज वगैरे मंडळी त्याचं पाणी करतात. ही पेशीची आतली डागडुजी आहे. वनस्पतीतली ही एन्झाइम्स पोटात गेली, तर इतर प्रथिनांसारखीच पचून जातात. त्यामुळे कॅलसमध्ये एसओडी वाढली म्हणजे कॅलस जास्त औषधी झाला, असं कधीही लिहू नका. वाढलेली एसओडी सांगते ती इतकंच, की पेशीवर ताण आहे आणि पेशी त्याला तोंड देतेय.

आणि कॅलस ताणाखाली असतोच. पानाचा तुकडा कापला, पाऱ्याच्या क्षारात बुडवून निर्जंतुक केला, मग ३ टक्के साखर, भरपूर नायट्रेट आणि २,४-डी असलेल्या अगारवर ठेवला. २,४-डी हे शेतकरी तणनाशक म्हणून फवारतात तेच. आपण अगदी कमी मात्रेत वापरतो, पण पेशीच्या दृष्टीने तो धक्काच. मुराशिगे आणि स्कूग यांनी १९६२ साली तंबाखूच्या कॅलससाठी हे एमएस माध्यम बसवलं तेव्हा हेतू होता वाढ भराभर व्हावी. पेशीला सुखात ठेवणं हा हेतू नव्हता.

आता मार्गदर्शकांच्या मूळ शंकेकडे येते. पेरॉक्सिडेज वर आणि फिनॉल्स खाली, हे विसंगत मुळीच नाही. तुम्ही ग्वायाकॉल वापरून जी पेरॉक्सिडेज मोजता, ती पेशीत हायड्रोजन पेरॉक्साइड संपवते खरी, पण त्यासाठी तिला इलेक्ट्रॉन देणारं कोणीतरी लागतं, आणि ते देणारं बहुतेक वेळा फिनॉलच असतं. फिनॉल ऑक्सिडाइझ होतं, एकमेकांना जोडलं जातं, पेशीभित्तीत लिग्निनसारखं जाऊन बसतं. तिथे बसलेलं फिनॉल तुमच्या मिथेनॉलच्या अर्कात येतच नाही. क्युव्हेटमध्ये ४७० नॅनोमीटरला जो विटकरी रंग चढताना बघता, तसंच काहीसं तुमच्या कॅलसमध्ये घडतंय. त्यातच पॉलिफिनॉल ऑक्सिडेज नावाचं दुसरं एन्झाइम आहे. पेशी फुटली, की कप्प्यात वेगळं ठेवलेलं फिनॉल आणि हे एन्झाइम एकत्र येतात आणि क्विनोन बनतात. कच्चं केळं किंवा वांगं चिरून ठेवल्यावर काळं पडतं ते यामुळेच. म्हणजे तुमचा तपकिरी कॅलस, वाढलेली पेरॉक्सिडेज आणि घटलेली फिनॉल्स या तीन वेगळ्या तक्रारी नसून एकाच साखळीच्या तीन कड्या असण्याची शक्यता मोठी आहे. हे आधी मार्गदर्शकांना दाखवा.

पण 'दुपटीहून जास्त' या आकड्यावर मात्र मी लगेच विश्वास ठेवणार नाही.

एन्झाइमची क्रिया तुम्ही बहुधा प्रति मिलिग्रॅम प्रथिन लिहिली असेल, कारण सगळे तसंच लिहितात. पानात आणि कॅलसमध्ये ही तुलना फसवी आहे. हिरव्या पानाच्या विद्राव्य प्रथिनात निम्म्यापर्यंत वाटा रुबिस्को या प्रकाशसंश्लेषणातल्या एकट्या एन्झाइमचा असू शकतो. कॅलसमध्ये, विशेषतः अंधारात वाढलेल्या, तो जवळजवळ नसतो. समजा एका ग्रॅम पानात १५ मिलिग्रॅम प्रथिन आहे आणि ३० एकक एसओडी. एका ग्रॅम कॅलसमध्ये ३ मिलिग्रॅम प्रथिन आणि १२ एकक एसओडी. प्रति प्रथिन बघितलं तर पानात २ आणि कॅलसमध्ये ४, म्हणजे दुप्पट! प्रति ग्रॅम ताजं वजन बघितलं तर कॅलसमध्ये निम्म्याहूनही कमी. आता सुकं वजन घ्या. कॅलस पाण्याने फुगलेला, नीरब्राह्मीचं पानही मांसल, तर तिसराच आकडा येईल. तिन्ही आकडे बरोबर आहेत, फक्त उत्तरं वेगळ्या प्रश्नांची आहेत. म्हणून माझ्याकडच्या मुलांना मी तिन्ही रकाने भरायला लावते. आणि फिनॉल्स सुक्या वजनावर, एन्झाइम्स प्रथिनावर, अशी सरमिसळ एकाच तक्त्यात असेल तर 'एक वर, एक खाली' हे निव्वळ भागाकारामुळेही येऊ शकतं.

दुसरी शंका अर्काची. पानात फिनॉल्स भरपूर. खलात वाटताना ती सुटतात आणि प्रथिनांना चिकटून एन्झाइम निकामी करतात. कॅलसमध्ये फिनॉल्स कमी, म्हणून तिथली एन्झाइम्स शाबूत राहतात. मग पानाची एसओडी कमी दिसते, पण ती पानात कमी नव्हती, आपल्या खलात मेली. यावर उपाय म्हणजे वाटतानाच पीव्हीपीपी घालणं. ती भुकटी पाण्यात विरघळत नाही, फिनॉल्सना धरून ठेवते आणि सेंट्रिफ्यूज केल्यावर तळाशी बसते. शिवाय द्रवरूप नायट्रोजन, बर्फावरचा खल, ईडीटीए घातलेला फॉस्फेट बफर. अ‍ॅस्कॉर्बेट पेरॉक्सिडेज मोजायची असेल तर बफरमध्ये थोडं अ‍ॅस्कॉर्बेट हवंच. नाहीतर हरितलवकातली ही एन्झाइम काही क्षणांत मरते, आणि आपण 'कॅलसमध्ये जास्त' असं लिहून मोकळे होतो.

एन्झाइमच्या चाचणीतही फिनॉल्स लुडबुड करतात. एसओडी मोजताना आपण सुपरऑक्साइडमुळे एनबीटी या रसायनाला येणारा निळा रंग किती अडला ते ५६० नॅनोमीटरला बघतो. तो रंग एसओडीच अडवते असं नाही. अर्कातलं फिनॉल सुपरऑक्साइड खाऊन तो अडवू शकतं, आणि अर्कातलं अ‍ॅस्कॉर्बेट उलट एनबीटीला थेट निळंही करू शकतं. म्हणून प्रत्येक नमुन्याचा थोडा अर्क उकळून त्याची तीच चाचणी घ्यायची. उकळताना घाई नको. तांबं-जस्तवाली एसओडी उष्णतेला चिवट असते, दोन मिनिटांनी ती मरत नाही. पंधरा मिनिटं तरी उकळत्या पाण्यात ठेवा. उकळलेल्या अर्कानेही रंग अडला, तर तेवढा वाटा एन्झाइमचा नव्हे. शक्य असेल तर अर्क आधी छोट्या सेफाडेक्स जी-२५ स्तंभातून काढा, छोटे रेणू मागे राहतात. आणखी एक: ५० टक्के अडवलं की एक एकक, अशी व्याख्या आहे, पण अर्क दुप्पट घातला म्हणून अडथळा दुप्पट होत नाही. एकाच आकारमानावर मोजून गुणाकार केला असेल तर ते आकडे टिकणार नाहीत. तीन-चार आकारमानं घेऊन आलेख काढा.

फिनॉल्सच्या बाजूने इतकं लिहिण्यासारखं नाही. फिनॉल्स मोजणाऱ्या फोलिनच्या चाचणीत ७६५ नॅनोमीटरला जे निळं दिसतं, त्यात अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल आणि काही शर्कराही सामील असतात. अगारचा तुकडा कॅलसला चिकटून आला तर माध्यमातली साखरही येते, तेव्हा कॅलस काढताना खालचा भाग नीट पुसून घ्या. डीपीपीएचमध्ये एकाच मात्रेची टक्केवारी देऊ नका, आयसी-५० (निम्मा रंग उतरवायला लागणारी मात्रा) काढा, आणि तो जितका कमी तितकी क्षमता जास्त हे तक्त्याखाली लिहा. दरवर्षी कोणीतरी उलटं वाचतं.

दिवस आणि उजेड यांबद्दल थोडं सविस्तर, कारण माझा स्वतःचा सगळ्यात मोठा धडा इथला आहे.

सबकल्चर केल्यावर पहिले काही दिवस कॅलस कापल्याच्या जखमेतून सावरत असतो. त्या दिवसांत पेरॉक्सिडेज चढलेली असते. मग वाढीचा जोर येतो, पेशी विभागत राहतात, आणि साखर-नायट्रोजन वाढीवर खर्च होतात. फिनॉल्ससारखी दुय्यम संयुगं अनेक कॅलसमध्ये वाढ मंदावल्यावर, माध्यम संपत आल्यावर साठू लागतात. म्हणजे आठव्या दिवशी काढलेला कॅलस आणि तिसाव्या दिवशी काढलेला कॅलस हे जवळपास दोन वेगळे नमुने आहेत. तुम्ही दोन्ही चाचण्या एकाच दिवसाच्या कॅलसवर केल्यात का? एन्झाइमसाठी ताजा आणि फिनॉल्ससाठी आधीचा सुकवून ठेवलेला, असं झालं असेल तर तुलना तिथेच कोसळते. उजेडाचंही तसंच. फ्लॅव्होनॉइड्स बनवणारा मार्ग उजेडाने, विशेषतः अतिनील किरणांनी जागा होतो. कुळागरात माडा-पोफळींच्या सावलीतून का होईना, पानाला ऊन मिळालंय. कॅलस अंधाऱ्या कपाटात असेल तर त्याच्याकडून तेवढ्या फिनॉल्सची अपेक्षा करणंच चूक.

काही वर्षांपूर्वी मी कॅलसला मिथाइल जॅस्मोनेट (वनस्पतीला ताणाचा संकेत देणारं रसायन) देऊन एन्झाइम्स बघत होते. चवथीच्या सुट्टीत मधेच वीज गेली, परत आली, पण संवर्धन कक्षाचा एसी पुन्हा सुरू झाला नाही. चार दिवसांनी दार उघडलं तेव्हा अंगावर दमट वाफ आली. बाटल्यांच्या आतल्या बाजूला टपोरे थेंब, कॅलसच्या कडा काचेसारख्या पाणचट. मी एसी लावला आणि ठरलेल्या दिवशी नमुने घेतले. एसओडी आणि अ‍ॅस्कॉर्बेट पेरॉक्सिडेज दोन्ही जोरात वर. मी ते जॅस्मोनेटच्या खात्यात लिहिलं, कारण तुलनेसाठीच्या बाटल्या शेजारच्या खोलीत होत्या आणि तिथला एसी चालू होता. चार-पाच महिन्यांनी तोच प्रयोग पुन्हा केला, वाढ नावालाच आली. तेव्हा कुठे नोंदवहीतली चवथीची तारीख डोळ्यांत भरली. मोजली होती उष्णता, लिहिलं होतं जॅस्मोनेट. तेव्हापासून प्रत्येक रॅकवर कमाल-किमान तापमापक आहे, आणि तुलनेच्या बाटल्या त्याच रॅकवर, उपचार दिलेल्या बाटल्यांच्या मधोमध. गोव्यात जून ते सप्टेंबर वीज आणि दमटपणा यांचा भरवसा नसतो. तुमचे नमुने पावसाळ्यातले असतील तर ही नोंद नक्की तपासा.

आता तपकिरी पडण्याबद्दल. मी भिरंडीच्या (कोकमाच्या) पानांवर काम केलंय, त्यामानाने नीरब्राह्मी फार गुणी. भिरंडीचा तुकडा अगारवर ठेवला की दुसऱ्या दिवशी भोवती चहाच्या रंगाचं वलय दिसतं, आणि आठवड्यात तुकडा काळा. तिथे जे शिकले ते तुम्हालाही लागू पडेल. सबकल्चरची मुदत चारवरून अडीच-तीन आठवड्यांवर आणा. प्रत्येक वेळी फक्त फिकट, भुसभुशीत भाग उचला, तपकिरी कडा उदार हाताने टाकून द्या. पाती दर काही कापांनंतर बदला, बोथट पातं पेशी कापत नाही, चिरडतं. २,४-डी कमी करून बघा. माध्यमात अ‍ॅस्कॉर्बिक आणि सायट्रिक आम्ल घालतात, ते चालतं, पण अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल ऑटोक्लेव्हमध्ये टिकत नाही, गाळून नंतर घालावं लागतं. आणि तुमच्या बाबतीत त्यात मोठी मेख आहे: तेच आम्ल कॅलसमधून अर्कात येईल आणि डीपीपीएच, फोलिन दोन्हींचे आकडे फुगवेल. ज्या बाटल्या मोजायच्या आहेत त्यांत ते नको. सक्रिय कोळसा घातलात तर तो फिनॉल्सबरोबर तुमचं २,४-डीही शोषून घेईल, मग कॅलस वाढेना म्हणून दुसरीकडे शोध घेत बसाल.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण माझ्या मते ती सगळ्यात महत्त्वाची आहे. नीरब्राह्मीची ओळख बॅकोसाइड्समुळे आहे, आणि ती ट्रायटर्पिनॉइड सॅपोनिन्स आहेत. ती फिनॉल्स नाहीत. फोलिनमध्ये ती दिसणार नाहीत. डीपीपीएचच्या आकड्याला तुमच्या अर्कातली ल्युटिओलिन, एपिजेनिनसारखी फ्लॅव्होनॉइड्स आणि इतर फिनॉल्स जबाबदार असतील. म्हणजे तुमचे चारही आकडे मिळूनसुद्धा 'ही ब्राह्मी औषध म्हणून कशी आहे' याचं उत्तर देत नाहीत. ते हवं असेल तर एचपीएलसी या संयुगं वेगळी करून मोजणाऱ्या यंत्रावर बॅकोसाइड्स मोजावी लागतील. मराठीत कारिवण्यालाही ब्राह्मी म्हणतात, आणि त्यातलं एशियाटिकोसाइड अगदी वेगळं, म्हणून प्रबंधात शास्त्रीय नावासह हर्बेरियमचा (वाळवून जपलेल्या वनस्पतींच्या संग्रहाचा) नमुना क्रमांक द्या.

अशी संयुगं विस्कळीत कॅलसपेक्षा पानं-खोड असलेल्या ऊतीत चांगली बनतात, हा माझा अनेक वनस्पतींमधला अनुभव आहे. नीरब्राह्मीत ही सोय हातातच आहे. पानाच्या तुकड्याला २,४-डीऐवजी बीएपी हे कोंब फोडणारं हार्मोन दिलं, की ती थेट कोंब काढते, कॅलसची पायरीही लागत नाही. तीन-चार आठवड्यांत बाटली हिरवीगार होते. त्या कोंबांची पानं हाच तुमचा खरा मधला दुवा आहे: मूळ माध्यम तेच, उजेड तोच, तापमान तेच, पण ऊती पानाची. कुळागरातलं पान, बाटलीतल्या कोंबाचं पान आणि कॅलस असे तीन नमुने ठेवले, तर काय संवर्धनामुळे बदललं आणि काय ऊती विस्कटल्यामुळे, हे वेगळं काढता येईल. दोन नमुन्यांत ते कधीच निघत नाही.

दोन महिन्यांत हे सगळं बसेल का? सगळं नाही. तुमच्या जागी मी नवे एलिसिटर (जॅस्मोनेटसारखी पेशीला चेतवणारी रसायनं), नवे हार्मोन यांच्या मागे लागणार नाही. याच आठवड्यात बीएपीवर कोंब लावेन आणि कॅलसची ताजी सबकल्चर करून अर्ध्या बाटल्या उजेडात, अर्ध्या अंधारात ठेवेन. चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी नमुने, प्रत्येक वेळी त्याच बाटलीतला अर्धा कॅलस नायट्रोजनमध्ये एन्झाइमसाठी आणि अर्धा सुकवून फिनॉल्ससाठी. पीव्हीपीपी आणि उकळलेला अर्क दोन्हीकडे. कॅटॅलेज २४० नॅनोमीटरला तेवढ्याच अर्कात मोजून होते, तीही घ्या. एसओडी वाढली आणि पेरॉक्साइड संपवणारं कोणीच वाढलं नाही, तर पेशीत ते साठतं आणि माध्यमातल्या लोहासोबत आणखी नासधूस करतं. तुमची पेरॉक्सिडेज वाढलीय हे त्या दृष्टीने बोलकं आहे.

जुने आकडे फेकू नका. ते 'पहिली तुलना' म्हणून ठेवा, कुठल्या पायावर आहेत ते स्पष्ट लिहा, आणि शेजारी नवे तीन रकाने द्या. आणि सगळ्यात आधी, उद्याच, फ्रीजरमध्ये जो पानाचा जुना अर्क उरला असेल त्यातला थोडा उकळून एनबीटी लावा. त्या एका क्युव्हेटचं वाचन आलं की मला कळवा, पुढचं त्यावरून ठरवू.